मार्की द साद: तीन राजवटींचा बिनखटल्याचा कैदी

फ्रेंच सरदार आणि कादंबरीकार दोनातिआँ अल्फोंस फ्राँस्वा द साद (‘मार्की’ ही त्याची सरदारकीची पदवी) ७४ वर्षं जगला. त्यातली २८च्या आसपास वर्षं त्याने किल्ल्यांत, तुरुंगांत आणि वेड्यांच्या इस्पितळात काढली. बूर्बाँ राजांनी त्याला कोंडलं, मग प्रजासत्ताकाने, मग नेपोलियनने. मात्र ‘अमुक गुन्ह्यासाठी अमुक वर्षं कैद’ असा न्यायालयाचा निकाल लागून तो एक दिवसही आत बसला नाही. एकदा देहदंड झाला, तो रद्द झाला. दुसऱ्यांदा गिलोटिनच्या यादीत नाव लागलं, पण त्याला न्यायला आलेल्यांना तो सापडलाच नाही.

सादविषयी जे लिहिलं जातं, त्यात तो एक तर राक्षस असतो नाही तर स्वातंत्र्याचा हुतात्मा. त्याला आत ठेवणारे कागद कोणते होते, ते कोणी मागितले, कोणी सही केली आणि खर्च कोणी उचलला, हे पाहिलं की दोन्ही चित्रं डळमळतात.

घराणं आणि एक चुकलेलं नाव

साद हे दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हाँसचं जुनं सरदार घराणं. इटालियन कवी पेट्रार्क ज्या लॉरावर कविता करत राहिला ती आपल्याच घरची सून, असं हे लोक अभिमानाने सांगत. सादच्या काकाने, म्हणजे आबे द सादने, पेट्रार्कच्या चरित्राचे तीन खंड लिहून हा दावा मांडला होता. सादचा जन्म २ जून १७४०चा, पॅरिसमधल्या काँदे राजकुलाच्या वाड्यातला. वडील मुत्सद्दी, आई काँदे घराण्याची नातलग आणि तिथल्या राजकन्येच्या सेवेत.

बारशाला आईवडील हजर नव्हते, चर्चमध्ये मूल घेऊन नोकर गेले. घरच्यांनी ठरवलेली नावं होती लुई आणि आल्दोन्स. आल्दोन्स हे जुनं प्रोव्हाँसाल नाव नोकरांना नीट सांगता आलं नाही, आणि नोंदवहीत अल्फोंस फ्राँस्वा लिहिलं गेलं. साद पुढे सोयीप्रमाणे कधी हे तर कधी ते नाव लावत राहिला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात माणसाचं नाव कोणत्या यादीत कसं लिहिलंय यावर त्याची जमीन आणि मान दोन्ही अवलंबून असे. तेव्हा ही जुनी चूक त्याला फार महागात पडली.

शिक्षण लुई-ल-ग्राँ या जेझुइटांच्या कॉलेजात. चौदाव्या वर्षी लष्करी शिक्षण, मग सप्तवार्षिक युद्धात घोडदळाचा कप्तान. युद्ध संपलं तेव्हा हातात पद नाही, वडील कर्जात. उपाय नेहमीचा, श्रीमंत सोयरीक. १७ मे १७६३ रोजी रने-पेलाजी द माँत्रोयशी लग्न झालं. माँत्रोय मंडळी सरदारांत नवी, पण पैशाने भरलेली आणि न्यायखात्यात वजनदार. सासऱ्यांना करविषयक न्यायालयातल्या अध्यक्षपदाचा मान होता. घर चालवत होत्या सासूबाई, ज्यांना सगळे ‘प्रेसिदाँत’, म्हणजे अध्यक्षीणबाई, म्हणत.

राजाचं मोहोरबंद पत्र

पुढचं समजायला ‘लेत्र द काशे’ म्हणजे काय ते आधी पाहायला हवं. हे राजाचं मोहोरबंद पत्र. मजकूर दोन-चार ओळींचा: अमक्याला तमक्या ठिकाणी न्यावं आणि माझा पुढचा हुकूम येईपर्यंत ठेवावं. खाली ‘लुई’ अशी सही, बहुधा कारकुनाच्याच हातची, आणि शेजारी मंत्र्याची प्रतिस्वाक्षरी. कारण लिहायची गरज नव्हती आणि मुदतही नसे. अपील कुठे करायचं हा प्रश्नच नव्हता, कारण निवाडाच झालेला नसे.

अशी पत्रं राजाच्या शत्रूंसाठी निघत असं आपण शाळेत शिकतो. तशी निघत, पण मोठा भाग घरगुती भानगडींचा होता. उधळ्या मुलगा, पळून गेलेली मुलगी, दारुडा नवरा, वेडसर भाऊ. नातेवाईक पॅरिसमध्ये पोलीसप्रमुखाकडे आणि प्रांतात राजाच्या अधिकाऱ्याकडे अर्ज देत. चौकशी होई, मंत्र्याकडे शिफारस जाई, पत्र निघे. कैद्याच्या जेवणाखाण्याचा, सरपणाचा आणि मेणबत्त्यांचा खर्च अर्जदार कुटुंबाने भरायचा. आपल्याकडच्या वाचकाला ‘प्रतिबंधात्मक स्थानबद्धता’ आठवेल. फरक इतकाच की इथे अर्ज घरचे करत आणि बिलही घरचेच भरत.

या व्यवस्थेचा मुख्य हेतू अब्रू वाचवण्याचा होता. न्यायालयात प्रकरण गेलं की ते चव्हाट्यावर येई, शिक्षा झाली की मालमत्ता जप्त होई आणि मुलाबाळांची लग्नं अडत. पत्राने माणूस गुपचूप नाहीसा होई आणि घराण्याचं नाव शाबूत राही. म्हणजे हाच कागद माणसाला कोंडे आणि खटल्यापासून वाचवेही. सादच्या बाबतीत दोन्ही घडलं, आणि वाचवण्याची बाजू आधी घडली.

आर्कय आणि मार्सेय

पहिली अटक लग्नानंतर पाच महिन्यांनी, २९ ऑक्टोबर १७६३. झान तेस्तार नावाच्या एका तरुण स्त्रीने त्याच्या खोलीत घडलेल्या जबरदस्तीची आणि धर्मनिंदेची जबानी दिली होती. पॅरिसजवळच्या व्हँसेनच्या किल्ल्यात पंधरा दिवस ठेवून वडिलांच्या रदबदलीवर सोडलं. तेव्हापासून इन्स्पेक्टर मारे हा पोलीस अधिकारी त्याच्या मागावर राहिला. शहरातल्या कुंटणखान्यांना या गृहस्थाकडे बाया पाठवू नका अशी ताकीदच त्याने दिली होती.

३ एप्रिल १७६८, ईस्टरचा रविवार. रोझ केलर ही काम गेलेली विधवा पॅरिसच्या एका चौकात भीक मागत होती. घरकामाला ठेवतो असं सांगून सादने तिला आर्कय गावातल्या भाड्याच्या घरी नेलं, कोंडलं, बांधून चाबकाने मारलं. तो खोलीबाहेर गेल्यावर ती पलंगावरची चादर बांधून खिडकीतून उतरली, कुंपण ओलांडून पळाली आणि गावच्या बायकांनी तिला आसरा दिला. गावच्या न्यायाधिकाऱ्याने जबानी घेतली, शस्त्रवैद्याने जखमा तपासून लिहून दिल्या. म्हणजे फिर्याद, पुरावा आणि वैद्यकीय दाखला, सगळं जागच्या जागी होतं.

यानंतर काय झालं ते पाहण्यासारखं आहे. सासूबाईंनी माणसं पाठवली. रोझ केलरला २४०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) आणि मलमपट्टीसाठी सात सोन्याची नाणी मिळाली, आणि तिने फिर्याद मागे घेतली. त्याच वेळी राजाच्या पत्राने सादला सोम्यूरच्या किल्ल्यात आणि नंतर लियोंजवळच्या पिएर-आंसीझला हलवलं. वरच्या न्यायालयाने तरी प्रकरण हाती घेतलंच, तेव्हा राजाने माफीपत्र काढलं. जूनमध्ये न्यायालयात हजर करून गुडघ्यावर बसवून ते माफीपत्र नोंदवून घेतलं, कैद्यांच्या भाकरीसाठी १०० लिव्र दंड केला आणि संपलं. नोव्हेंबरात साद मोकळा. मोहोरबंद पत्र नसतं, तर आर्कयचा खटला उभा राहिला असता आणि रोझ केलरचं म्हणणं न्यायालयात ऐकलं गेलं असतं. सादला हुतात्मा करणाऱ्यांच्या लिखाणात ही बाई बहुधा दोन ओळींत आटोपते.

मार्सेयचं प्रकरण २७ जून १७७२चं. साद आणि त्याचा नोकर लातूर यांनी वेश्यांना बडीशेपेच्या गोळ्या खायला दिल्या. त्यांत कँथरायडिस, म्हणजे एका हिरव्या भुंग्याची वाळवून केलेली पूड, घातलेली होती. ही पूड कामोत्तेजक समजली जाई. प्रत्यक्षात ती आतडी आणि मूत्रमार्ग यांची आग करते, प्रमाण चुकलं तर जीव घेते. बायकांना उलट्या सुरू झाल्या, दोघींची प्रकृती गंभीर झाली, पण कोणी दगावलं नाही. आरोप लागले विषप्रयोगाचा आणि गुदमैथुनाचा, आणि दोन्हींना देहदंड होता. साद व लातूर फरार. त्यांच्या गैरहजेरीत मार्सेयच्या न्यायालयाने शिक्षा ठोठावली: सादचा शिरच्छेद, लातूरला फाशी, प्रेतं जाळायची. १२ सप्टेंबरला एक्स शहराच्या चौकात दोघांचे पुतळे जाळून शिक्षा ‘अमलात’ आली.

जिवंत साद तेव्हा इटलीकडे निघाला होता, आणि सोबत होती धाकटी मेहुणी आन-प्रोस्पेर. सासूबाईंनी आत्तापर्यंत जावयाला सांभाळून घेतलं होतं. इथून पुढे त्या त्याच्या हात धुऊन मागे लागल्या. सासुरवासाच्या आपल्या कथांत जाच सुनेला होतो, इथे तो जावयाच्या वाट्याला आला. डिसेंबरमध्ये त्यांच्याच खटपटीने सार्डिनियाच्या राजाने त्याला आपल्या राज्यातल्या शांबेरीत पकडून मिओलाँच्या किल्ल्यात ठेवलं. ३० एप्रिल १७७३च्या रात्री तो खिडकीतून निसटला.

पुढची काही वर्षं तो प्रोव्हाँसमधल्या आपल्या लाकोस्तच्या गढीत लपूनछपून राहिला. १७७४-७५च्या हिवाळ्यात तिथे लियों आणि त्याच्या जवळच्या व्हिएनहून कामाला आणलेल्या कोवळ्या वयाच्या मुलींचं प्रकरण झालं. आईबापांनी अपहरणाची तक्रार केली, मुली वेगवेगळ्या ठिकाणी गुपचूप पांगवल्या गेल्या. त्यांची बाजू कुठल्याही न्यायालयापुढे कधीच आली नाही. जानेवारी १७७७ मध्ये गढीत काम करणाऱ्या एका मुलीच्या बापाने सादवर पिस्तूल झाडलं. ते फुसकं निघालं.

निर्दोष सुटला, पण सुटला नाही

त्याच फेब्रुवारीत आई अत्यवस्थ असल्याचं कळून साद पॅरिसला आला. आई आधीच गेली होती. १३ तारखेला इन्स्पेक्टर मारे पत्र घेऊन दारात उभा राहिला. ते पत्र सासूबाईंनी मिळवलं होतं.

कायद्याच्या दृष्टीने पुढची पायरी अजब आहे. देहदंडाची शिक्षा असलेला माणूस कायद्याने मेलेला, म्हणजे वारसाहक्क, मुलांची लग्नं, सगळंच अडलेलं. त्यामुळे सासूबाईंना शिक्षा रद्द करून हवी होती आणि जावई आतही हवा होता. १७७८च्या उन्हाळ्यात सादला एक्सला नेऊन अपील चालवलं. सहा वर्षांपूर्वी औषधवाल्यांनी उलटीची तपासणी केली होती, तीत विष सापडलेलं नव्हतं, आणि तेच कामी आलं. १४ जुलै १७७८ रोजी देहदंड रद्द झाला. उरला बदफैलीबद्दल समज, ५० लिव्र दंड आणि मार्सेयमधून तीन वर्षं तडीपारी. न्यायालयाचा हिशेब इथे मिटला. पण मोहोरबंद पत्र न्यायालयाच्या हिशेबात नव्हतंच. निकाल लागला आणि पोलीस त्याला परत व्हँसेनला घेऊन निघाले. वाटेत व्हालाँसला तो पळाला, लाकोस्तला पोचला, ऑगस्टअखेर पुन्हा सापडला. त्यानंतर एप्रिल १७९०पर्यंत तो बाहेर आला नाही.

व्हँसेनमध्ये त्याची ओळख होती ‘मस्यू ल ६’, खोली क्रमांक सहावरून. मुदत नसलेल्या कैदेचं माणसाच्या डोक्यावर काय होतं, ते त्याच्या पत्रांत दिसतं. बायकोच्या पत्रात किती ओळी आहेत, कोणता शब्द किती वेळा आला, कोणत्या तारखेला किती वस्तू आल्या, यावरून तो सुटकेचा दिवस काढायला बसे. सासूबाई आकड्यांतून सूचना पाठवतायत अशी त्याची ठाम समजूत होती. बिचारी रने-पेलाजी शपथेवर सांगे की असं काही नाही, आणि तो तिलाच कटात सामील ठरवी.

मागण्यांच्या याद्या निराळ्या. पुस्तकं, मेणबत्त्या, मोजे, मुरंबे. १७७९च्या एका पत्रात तो केकवरून तिला फैलावर घेतो: चॉकलेटचा केक मागवला होता, हा कसला आला! पुढचा आतून पार काळाकुट्ट हवा, दात रुतवताच चॉकलेटच लागलं पाहिजे. चालणं-फिरणं बंद, खाणं असं, त्यामुळे सडपातळ सरदार कोठडीत लठ्ठ झाला. लेखकही तो इथेच झाला. पकडला गेला तेव्हा नावावर काही नाटुकली आणि प्रवासाची टिपणं होती, चाळिशीनंतरचं सगळं लिखाण भिंतींआड सुरू झालं.

बॅस्टील आणि बारा मीटरची गुंडाळी

१७८४ मध्ये व्हँसेनचा तुरुंग बंद झाला. मंत्री ब्रतय यांनी त्याच वर्षी परिपत्रक काढून घरगुती कारणांच्या कैदेला एक-दोन वर्षांची मर्यादा घालायला सांगितलं होतं. सादची सात वर्षं झाली होती, तरी परिपत्रकाचा त्याला उपयोग झाला नाही. २९ फेब्रुवारीला त्याला पॅरिसमधल्या बॅस्टील या तुरुंग-किल्ल्यात हलवलं. बुरुजाचं नाव ‘लिबेर्ते’, म्हणजे स्वातंत्र्य. हे नाव कोणा कादंबरीकाराने दिलेलं नाही, ते खरोखरच तसं होतं.

‘सोदोमचे १२० दिवस’ या कादंबरीची पक्की प्रत त्याने इथे २२ ऑक्टोबर १७८५ला लिहायला घेतली. पद्धत अशी: सुमारे ११ सेंटिमीटर रुंदीचे ३३ कागद टोकाला टोक चिकटवायचे, लांबी १२ मीटरच्या वर जाते. रोज संध्याकाळी सात ते दहा लिहायचं. एक बाजू संपली की उलटून दुसरी. अक्षर इतकं बारीक की वाचायला भिंग लागावं. ३७ दिवसांत काम उरकलं. गुंडाळी मुठीत मावेल एवढी होई, ती भिंतीच्या कपारीत लपवता येत असे. झडतीत जप्त होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप. मात्र कादंबरी पूर्ण नाही. प्रस्तावना आणि पहिला भागच सविस्तर आहे, उरलेले तीन भाग टिपणवजा आहेत. मुलांवरचे आणि स्त्रियांवरचे अत्याचार क्रमवार मांडलेल्या या मजकुराला ‘धाडसी’ वगैरे म्हणून मोकळं होता येत नाही, तो वाचणं खरोखर कठीण आहे.

१७८९चा जुलै उजाडला तेव्हा पॅरिस पेटलेलं होतं आणि बॅस्टीलच्या सुभेदाराने, द लोनेने, कैद्यांचं गच्चीवर फिरणं बंद केलं. २ जुलैला सादने सांडपाणी ओतायची पत्र्याची नळी कर्ण्यासारखी खिडकीला लावली आणि रस्त्यावरच्या लोकांना ओरडून सांगितलं की आत कैद्यांचे गळे कापतायत, धावा. गर्दी जमली. द लोनेने घाबरून मंत्र्याला लिहिलं, आणि ४ जुलैच्या रात्री एक वाजता सादला अंगावरच्या कपड्यांनिशी शारांतोंच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं. सामान खोलीतच राहिलं: ६०० पुस्तकं, फर्निचर, हस्तलिखितं, आणि कपारीतली गुंडाळी. दार लाखबंद केलं. सामान उचलून न्यायचं काम रने-पेलाजीकडे होतं. ती ते पुढे ढकलत राहिली.

दहा दिवसांनी जमावाने बॅस्टील घेतली, द लोनेचं मुंडकं भाल्यावर चढलं आणि सादची खोली लुटली गेली. आत सापडलेले कैदी एकूण सात: चार बनावट हुंड्या करणारे, दोन वेडे, आणि घरच्यांच्या अर्जावरून कोंडलेला काउंट द सोलाज. या सोलाजमुळेच बहुधा बॅस्टीलमधून सादला जनतेने सोडवलं ही दंतकथा पसरली. त्याला सोडवलं ते राष्ट्रीय सभेच्या कायद्याने. मार्च १७९० मध्ये मोहोरबंद पत्रं रद्द झाली, आणि २ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, तो शारांतोंहून बाहेर पडला.

नागरिक साद

बायकोने भेट नाकारली आणि विभक्त होण्याचा अर्ज केला. इतकी वर्षं केक आणि मेणबत्त्या पोचवणाऱ्या बाईने आता पुरे म्हटलं तर नवल नाही. हिशेबात साद तिच्या हुंड्याचे १,६०,८४२ लिव्र देणं लागत होता. ठरलं असं की मुद्दल मागायचं नाही, वर्षाला ४००० लिव्र व्याज द्यायचं. तेही त्याने नीट दिलं नाही. ऑगस्टमध्ये त्याला मारी-कॉन्स्टान्स केने ही नटी भेटली, आणि ती त्याच्या मरणापर्यंत सोबत राहिली.

१७९१ साली ‘ज्युस्तिन’ ही कादंबरी निनावी छापली गेली, मुखपृष्ठावर हॉलंडचा पत्ता घालून. पैशासाठी लिहिली असं त्यानेच वकिलाला कळवलं आणि तुम्ही वाचू नका असंही सुचवलं. नाटकांचं नशीब बरंवाईट. ‘ऑक्सतिएर्न’ ऑक्टोबर १७९१ मध्ये रंगमंचावर आलं, पुढच्या मार्चमधलं दुसरं नाटक लाल टोप्या घातलेल्या जॅकोबिनांनी, म्हणजे जहाल क्रांतिकारकांनी, शिट्ट्या वाजवून पाडलं, कारण लेखक सरदार.

राजकारणात हा सरदार ‘लुई साद’ नावाने शिरला. पॅरिसचे वॉर्डांसारखे विभाग होते; त्याचा विभाग व्हाँदोम चौकाचा, पुढे ज्याचं नाव ‘पिक’ म्हणजे भाले असं झालं. जहालांचा पुढारी रोबेस्पिएरही याच विभागातला. सप्टेंबर १७९२ मध्ये साद विभागाचा चिटणीस झाला. इस्पितळांचा तपासणीस म्हणून त्याने लिहिलेले अहवाल विभागाने छापले. एका खाटेवर दोन-तीन रोगी झोपवण्याची जुनी रीत बंद करून प्रत्येकाला स्वतंत्र खाट मिळावी हा तेव्हाचा मुद्दा. नोव्हेंबरातल्या पत्रकात त्याने सुचवलं की सभेने केलेला कायदा लोकांनी गावोगावच्या सभांत मंजूर केल्याशिवाय लागूच होऊ नये. ही पत्रकं वाचताना कादंबऱ्यांचा लेखक कुठे दिसत नाही. मनातून तो किती क्रांतिवादी होता यावर अभ्यासक आजही भांडतात. आमच्या मते खाजगी पत्रांतला साद दोन सभागृहांची इंग्रजी धर्तीची राजेशाही मागणारा आहे आणि पत्रकांतला साद जीव वाचवणारा, पण इस्पितळांचं काम त्याने मनापासून केलं.

जुलै १७९३ मध्ये तो विभागाचा अध्यक्ष होता. माँत्रोय सासूसासरे याच विभागात राहत, आणि संशयितांच्या यादीत त्यांची नावं जाणं ही एका शब्दाची बाब होती. सादने तो शब्द उच्चारला नाही, उलट त्यांना निर्धोक लोकांच्या यादीत घातलं. ३ ऑगस्टच्या पत्रात तो वकिलाला कळवतो की मी गप्प राहिलो, माझा सूड हा असा. त्याच पत्रात आहे की एक अमानुष ठराव मताला टाकायला लावत होते म्हणून खुर्ची सोडली. जिने तेरा वर्षं कोंडून ठेवलं तिचा जीव त्याच्या हाती आला होता, आणि त्याने तो घेतला नाही. त्याच्या कादंबऱ्यांतल्या एकाही पात्राने असं केलं नसतं.

इकडे दक्षिणेत लाकोस्तची गढी सप्टेंबर १७९२ मध्ये गावकऱ्यांनीच लुटली होती. शिवाय देश सोडून पळालेल्या सरदारांच्या यादीत त्याचं नाव लागलं. ही यादी म्हणजे जमीन जप्त आणि सापडलात तर मृत्यू. नाव काढायला लागे रहिवासाचा दाखला: विभागाचा शिक्का, साक्षीदारांच्या सह्या, आणि तोही ताजा. पण दाखल्यावर लुई, बाप्तिस्म्याच्या कागदावर दोनातिआँ अल्फोंस फ्राँस्वा, यादीत तिसराच क्रम. हा तोच माणूस कशावरून? एका जिल्ह्याच्या यादीतून नाव निघालं तोवर लाकोस्त नव्याने झालेल्या व्होक्लूज जिल्ह्यात गेलं होतं, आणि तिथल्या यादीत ते तसंच राहिलं.

पिकप्यूसची बाग

सप्टेंबर १७९३च्या संशयितांच्या कायद्याने क्रांतिकारी समित्यांना अटकेचे मुक्त अधिकार मिळाले. ८ डिसेंबरला साद पकडला गेला. कारण दोन वर्षांपूर्वीचं: १७९१ मध्ये राजाच्या संवैधानिक रक्षकदलात जागा मागणारा अर्ज त्याने ड्यूक द ब्रिसाककडे केला होता. तेव्हा ते दल कायदेशीर होतं. ‘ज्युस्तिन’चा आरोपात उल्लेखही नाही. तिचा मुद्रक जिरुआर मात्र जानेवारीत गिलोटिनवर गेला, तोही राजनिष्ठेच्या आरोपाखाली.

चार तुरुंग झाले. शेवटचा पिकप्यूस, मूळचं खाजगी आरोग्यगृह, जिथे भाडं भरणाऱ्या कैद्यांना ठेवत. जूनच्या मध्यावर गिलोटिन जवळच्या चौकात आणलं गेलं, आणि प्रेतं पुरायला जागा निवडली ती पिकप्यूसच्याच बागेत. सहा आठवड्यांत १३०६ धडं दोन खड्ड्यांत गेली. हे सगळं सादच्या खिडकीखाली. जगातल्या सगळ्या बॅस्टीलांपेक्षा डोळ्यांसमोरच्या गिलोटिनने शतपट त्रास दिला, असं त्याने नंतर लिहिलं.

२६ जुलै १७९४ला सरकारी वकील फूकिए-तँव्हीलच्या यादीत त्याचं नाव आलं. दुसऱ्या दिवशी बेलीफ वेगवेगळ्या तुरुंगांतून २८ जणांना गोळा करायला निघाला आणि २३ घेऊन परतला. न सापडलेल्या पाचांत साद होता. तो भलत्याच तुरुंगात शोधला गेला, असं एक म्हणणं. केनेबाईने कुणाचे हात ओले केले, असं दुसरं. इतक्या घाईने चाललेल्या यंत्रणेत पहिलंही सहज शक्य होतं. त्याच दिवशी रोबेस्पिएरची सत्ता कोसळली. सादची सुटका १५ ऑक्टोबरला झाली.

पुस्तकं, आणि पुन्हा तीच वाट

१७९५ मध्ये ‘आलीन आणि व्हाल्कूर’ त्याच्या नावाने आली आणि ‘शयनगृहातलं तत्त्वज्ञान’ निनावी. दुसरीत मधेच एक राजकीय पत्रक घुसवलेलं आहे, फ्रेंचांनो, प्रजासत्ताकवादी व्हायचंय तर आणखी थोडा जोर लावा, अशा मथळ्याचं. देव गेला, राजा गेला, तर मग गुन्ह्यांची व्याख्या जुनीच का, असा त्यातला सवाल. चोरी, व्यभिचार, अगदी खूनही तो गुन्ह्यांच्या यादीतून काढतो आणि सरकारने दिलेला देहदंड तेवढा अमान्य करतो. तर्क टोकाला नेऊन तो क्रांतीची टर उडवतोय की मनापासून लिहितोय, हे मुद्दाम धूसर ठेवलेलं आहे. मग ‘नवी ज्युस्तिन’ आणि ‘ज्युलिएत’ मिळून दहा खंड, शंभर चित्रांसह.

खिशात पैसा नव्हताच. लाकोस्त १७९६ मध्ये विकलं गेलं. १७९९ मध्ये व्हर्सायला एका नाट्यगृहात तो दिवसाला ४० सूवर (सू हे किरकोळ नाणं) राबत होता आणि डिसेंबरात आपल्याच ‘ऑक्सतिएर्न’मध्ये एक भूमिकाही केली.

६ मार्च १८०१ रोजी प्रकाशक मासेच्या कचेरीत धाड पडली आणि हस्तलिखितांसह साद सापडला. प्रकाशक चोवीस तासांत सुटला, कारण ‘ज्युलिएत’चा साठा कुठे आहे ते त्याने दाखवलं. धाडीमागेही तोच असावा असा दाट संशय आहे. नेपोलियनची बायको जोसेफिन हिच्यावर लिहिलेल्या ‘झोलोए’ या चोपडीमुळे नेपोलियन चिडला ही कथा खूप फिरते, पण ती चोपडी सादची नव्हे असं आता मानलं जातं. खटला भरला तर पुस्तकांचीच जाहिरात होईल असं पोलिसांचं म्हणणं पडलं, म्हणून ‘प्रशासकीय’ आदेशाने सेंत-पेलाजी तुरुंग. मोहोरबंद पत्रं रद्द होऊन अकरा वर्षं झाली होती. आदेशावर राजाची सही नव्हती, बाकी कारण, मुदत, अपील यांचा हिशेब तोच.

सेंत-पेलाजीत तरुण कैद्यांशी गैरवर्तन केल्यावरून १८०३ मध्ये आधी बिसेत्रचं तुरुंगवजा इस्पितळ, मग कुटुंबाच्या विनंतीवरून शारांतों. खर्च पुन्हा घरच्यांचा, वर्षाला ३००० फ्रँक. संचालक कुल्मिए याने रोग्यांसाठी नाटकं सुरू केली, बसवायचं काम बरचसं सादकडे. पॅरिसहून लोक निमंत्रणावर पाहायला येत. मुख्य वैद्य रॉयए-कोलार याने २ ऑगस्ट १८०८ला पोलीसमंत्री फूशेला कळवलं की हा माणूस वेडा नाही, दुराचार हाच त्याचा रोग, त्याची जागा किल्ल्यात आहे, इस्पितळात नव्हे. सगळ्या कागदपत्रांत इतकी स्पष्ट कबुली दुसरी नाही, पण तिचा परिणाम सुटकेत झाला नाही. १८१०च्या आदेशाने कागद, शाई, लेखणी बंद झाली, निदान कागदोपत्री. १८१३ मध्ये नाटकंही थांबली.

२ डिसेंबर १८१४ला तो वारला. मृत्युपत्रात लिहिलं होतं की शवविच्छेदन नको, एपेर्नोंजवळच्या माझ्या जमिनीत झाडीत पुरा, वर ओकच्या बिया टाका, खूण राहू नये. त्याला शारांतोंच्या दफनभूमीत धर्मविधीने, क्रूस उभारून पुरलं. पुढे थडगं उकरलं तेव्हा कवटी एका डॉक्टरकडे गेली, त्याच्याकडून कवटीशास्त्रवाल्या श्पुर्ट्सहाइमकडे, आणि हरवली. धाकट्या मुलाने शेवटच्या मोठ्या कादंबरीचं हस्तलिखित जाळायला लावलं.

गुंडाळीचा प्रवास

बॅस्टीलमधली गुंडाळी गेली या समजात साद मेला. ती आर्नू द सँ-माक्सिमँ नावाच्या माणसाला सापडली होती. व्हिलनव्ह-त्राँ घराण्यात ती शंभरेक वर्षं राहिली. १९०४ मध्ये बर्लिनच्या इवान ब्लोख या डॉक्टरने टोपणनावाने पहिली, चुकांनी भरलेली आवृत्ती छापली. १९२९ला नोआय दांपत्याने गुंडाळी विकत घेतली, त्यातली मारी-लोर सादच्याच वंशातली. अभ्यासक मोरिस एनने नीट वाचलेला पाठ १९३०च्या दशकात आला, तोही वर्गणीदारांपुरता. १९५७ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने सादची पुस्तकं उघडपणे छापणाऱ्या झान-झाक पोव्हेर या प्रकाशकाला दोषी ठरवलं.

१९८२ मध्ये विश्वासाने हाती दिलेली गुंडाळी लंपास होऊन स्वित्झर्लंडमधल्या एका संग्राहकाला विकली गेली. फ्रेंच न्यायालय म्हणालं परत करा, स्विस न्यायालय म्हणालं खरेदीदाराची खरेदी प्रामाणिक आहे. २०१४ मध्ये आरिस्तोफिल कंपनीने ती ७० लाख युरोंना घेतली. हस्तलिखितांचे हिस्से गुंतवणूकदारांना विकणारी ही कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली. लिलावाच्या तोंडावर, डिसेंबर २०१७ मध्ये, सरकारने गुंडाळीला ‘राष्ट्रीय ठेवा’ जाहीर करून देशाबाहेर जाणं रोखलं. २०२१ मध्ये ४५.५ लाख युरोंना ती राष्ट्रीय ग्रंथालयासाठी घेतली, देणगीदाराच्या पैशाने. ती आता पॅरिसच्या आर्सेनाल ग्रंथालयात आहे. बॅस्टीलचं दप्तरही याच ग्रंथालयात ठेवलेलं आहे.